नळाला बांधलेली तार

आधी क्षमा मागतो आणि मग सुरुवात करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी स्वतःविषयी कागदावर काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात, आई अंगठा लावते. मी कॉलेजात गेलो तो पदार्थविज्ञान शिकायला, त्यामुळे मराठी लिहिण्याची सवय शाळेबरोबरच सुटली. शिवाय जे सांगणार आहे त्यात मी चांगला दिसत नाही. चांगला दिसत असतो तर लिहायला संकोच वाटला नसता की जास्त वाटला असता, हे मला नक्की ठरवता येत नाही. पण आमच्या गल्लीत ही हकिगत आता हसत हसत सांगतात, आणि हसताना तिच्यातली भीती गळून जाते. ती भीती मी पाहिली आहे, म्हणून लिहितो.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. आम्ही नागपुरात नंदनवनच्या पलीकडे, एका अरुंद गल्लीत राहायचो; अजूनही तिथेच राहतो. बाबा मिलमध्ये बॅटरीची गाडी चालवत. गाडी म्हणजे लोखंडी पाट, खाली चार बुटकी चाकं आणि पोटात बॅटऱ्या. धूर नाही, आवाज नाही. सुताच्या पेट्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पोचवायच्या आणि पाळी संपली की गाडी बॅटरी-खोलीत नेऊन चार्जिंगला लावायची. बाबा म्हणत, "बैलाले चारा, न गाडीले करंट. उपाशी ठेवली का दोघंबी बसतात."

एका दुपारी कापडाच्या गाठींची थप्पी कलली आणि त्यांच्या पायांवर आली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उजवा राहिला, पण तो वाकत नाही. पाच महिने ते खाटेवर होते. मग मिलमधून बोलावणं आलं. बॅटरी-खोलीत बसून करायचं काम होतं: गाड्या चार्जिंगला लावायच्या, बॅटऱ्यांतलं पाणी पाहायचं, वेळ मांडून ठेवायची. ते काम बाबांइतकं कुणाला येत नव्हतं. पण अट होती. एक महिना पाहू, म्हणाले. पहिल्या पाळीच्या सातच्या भोंग्याला फाटकाच्या आत पाहिजे आणि तेही स्वतःच्या भरवशावर. कुणी उचलून आणून ठेवलेला माणूस आम्ही कामावर घेतला असं दिसायला नको. महिन्यात तीनदा उशीर झाला तर दुसरा माणूस लावू.

भोंगा मिनिटभर वाजतो. तो वाजणं थांबेपर्यंत जो आत आला तो वेळेवर, असा सगळ्यांसाठीच रिवाज होता. पण घरापासून फाटक साडेतीन मैल, आणि मध्ये रेल्वेच्या पुलाची चढण. रिक्षावाला उचलून बसवणार आणि उचलून उतरवणार. ते अटीत बसत नव्हतं.

मार्ग काढला तो फिटरकाकांनी. ते मिलच्या बॅटरी-खोलीत फिटर आणि बाबांचे जुने दोस्त. अपंग लोक हाताने चालवतात तशी तीन चाकांची सायकल त्यांनी आणली, तिला भंगारातल्या मिल-गाडीची मोटर जोडली आणि बैठकीखाली ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या बसवल्या. सपाटीवर ती सायकलीच्या वेगाने जाई. पुलावर मात्र शेजारून चालणारा माणूस तिच्या पुढे जाई. बाबा पहिल्यांदा तिच्यावर बसले तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "माह्या पायाहून बरी आहे. निदान दुखत तं नाही."

आता प्रश्न होता चार्जिंगचा. आमच्या घरात दोन बल्ब आणि एक रेडिओ, एवढीच लाईट. चार्जर चालवायचा तर वेगळा पॉवर पॉइंट हवा, त्यासाठी वीज कार्यालयात अर्ज, आणि लायसनवाल्या वायरमनचा अहवाल. अर्ज मी लिहिला. इंग्रजीत लिहिला, तीनदा लिहिला. त्या अर्जाचा मला इतका अभिमान वाटला होता की त्याची नक्कल मी बरेच दिवस वहीत जपून ठेवली होती.

वायरमन म्हातारा होता, कानाला पेन्सिल लावलेला. मीटरपासून जाड तार, लोखंडी डबीचा स्विच, आणि खाटेच्या उशापाशी, बाबांचा हात पोचेल अशा उंचीवर, तीन भोकांचा मोठा पॉइंट. गल्लीतला तो पहिलाच. बायका पाहायला आल्या. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी काकू सगळ्यांत पुढे. ती तोंडाची तिखट.

"दोन भोकाईत काम होते साऱ्याईचं," ती म्हणाली. "तुमाले तिसरं काहून लागलं?"

मी समजावून सांगितलं. चार्जरच्या लोखंडी पेटीवर चुकून वीज आली तर ती तिसऱ्या तारेने जमिनीत उतरते, माणसाला लागत नाही.

"म्हणजे मोरीच समज ना," काकू म्हणाली. "विजेची मोरी."

सगळ्या हसल्या. मी पण हसलो. इतकं नेमकं आमच्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नव्हतं.

चार्जर फिटरकाकांनी जुनाच मिळवला होता. वायरमनने तो लावला, बोटाची मागची बाजू पेटीला हळूच टेकवली आणि काढली. "अंग चावते याचं, करंट उतरते पेटीवर," तो मला म्हणाला. "जुना माल आहे. हरकत नाही, पण अर्थिंग पक्की पाह्यजे. परसात खड्डा कर, पुरुषभर. त्याच्यात पाइप, भवताल कोळसा न मीठ, थरावर थर. वरून रोज बादलीभर पाणी. मी गुरुवारी येऊन पाहतो. तुले अजून काय सांगू, तू तं हेच शिकून राहिला."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण तो दोष त्याचा नाही.

परस म्हणजे भिंत आणि कुंपण यांच्यामधली चार हात रुंद पट्टी. मी सोमवारी खणायला लागलो. वरची माती सुटली, हातभर खाली मुरूम लागला आणि कमरेइतकं खोल जायच्या आधीच काळा खडक. सब्बल, म्हणजे पहार, मारली की ती नुसती ठण्ण वाजून परत येई. मंगळवारी तळहाताला फोड आले, बुधवारी ते फुटले. परीक्षा दीड महिन्यावर होती. बाबा आत खाटेवर होते, त्यांना परस दिसत नव्हतं. ते फक्त आवाज ऐकत होते. कुणाला मदतीला बोलवावं, तर काकूचे यजमान खाणीत दगड फोडणारे. पण मला लाज वाटली. मिलमजुराचा मुलगा आणि एक खड्डा खणता येत नाही, असं कुणी म्हणेल, असं वाटलं. खरं तर तसं कुणी म्हणालं नसतं.

बुधवारी संध्याकाळी मी फिटरकाकांनी दिलेला पाइप करवतीने कापला. माझ्या खड्ड्यात मावेल एवढाच ठेवला. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ, वर माती. छान चबुतरा केला.

आतून बाबांचा आवाज आला. "झालं का गा?"

"झालं, बाबा."

"पुरुषभर?"

"हो."

एवढंच. दोन शब्दांची थाप. पण मग मला वायरमनच्या गुरुवारची भीती वाटली. तो लाईटची तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेस्टचा बल्ब लावून पाहणार होता. कोरड्या मुरमातल्या माझ्या आखूड पाइपावर तो बल्ब पेटणार नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकातलं ज्ञान माझ्या कामी आलं ते असं. आमच्या भिंतीच्या कोपऱ्याला गल्लीचा नळ आहे. त्याचा लोखंडी पाइप परसाच्या कुंपणाखालून जातो. रेडिओची अर्थिंग गल्लीत ज्यांना करायची असे ते सगळे त्याच पाइपाला तार गुंडाळत, आणि कुणाला कधी काही झालेलं नव्हतं. मी मातीखालून एक तार नेली आणि नळाच्या पाइपाला घट्ट बांधली.

गुरुवारी बल्ब लख्ख पेटला. वायरमनने चबुतऱ्याकडे पाहिलं, खणून पाहिलं नाही. "शिकलेल्या पोराचं काम दिसते," म्हणाला आणि अहवालावर सही केली.

त्या नळाविषयी थोडं सांगायला हवं. माझ्या आईच्या गावी आमच्या लोकांना विहिरीत दोर सोडता येत नसे. कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी. ज्या वर्षी आम्ही बौद्ध झालो त्यानंतर आई लग्न होऊन नागपूरला आली, आणि पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर गल्लीला हा नळ मिळाला. आजही ती पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी हंडा, लावण्याआधी नळाची तोटी ओल्या हाताने पुसून घेते. देवपूजा वगैरे काही नाही. आपल्या वस्तूवर हात फिरवावा तसा फिरवते.

बाबांचा महिना सुरू झाला. संध्याकाळी गल्लीभर दिवे लागले की आमचे बल्ब तांबडे पडत, चार्जर नुसता गुरगुरत बसे. म्हणून चार्जिंग दहाला सुरू होई आणि सकाळी सहाच्या आत बंद. सहाला बाबा निघत. पहिले बारा-तेरा दिवस ते पावणेसातलाच फाटकात पोचत. घरी आल्यावर कोण काय म्हणालं ते सांगत. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला होता, "काय गा, विमान आणलं का?" बाबा म्हणाले होते, "विमान नाही. पण पेट्रोल मागत नाही तुह्या साहेबासारखं."

मग चैत्राच्या उन्हाने जमीन तडकली आणि गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा पाइप फुटला. माणसं आली, एक दिवस खणत बसली, निघून गेली. दुसऱ्या दिवशीपासून पाणी पहाटे चारला यायला लागलं, तेही करंगळीएवढं. बायका चारपासून सहापर्यंत रांगेत.

मी भिंतीच्या आतल्या बाजूला अभ्यासाला बसत असे. बाहेरचं सगळं ऐकू येई.

"काहून वं," काकूचा आवाज आला, "नळाले मुंग्या येऊन राहिल्या का आज?"

"मुंग्या तुमच्या हाताले," दुसरी म्हणाली. "म्हातारपण लागलं तुमाले."

"म्हातारपण तं नवऱ्याले लागलं. मले काहून लागीन?"

हसणं. गुंड घासल्याचा आवाज. आणि मी पुस्तकाचं एकच पान धरून बसलेला. मला हसू आलं नाही, कारण मला कळलं होतं. उजाडल्यावर मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. फुटलेल्या जागी माणसांनी लोखंडाऐवजी सिमेंटच्या पाइपाचा तुकडा घातला होता. आमच्या नळाचं जमिनीतल्या लांबलचक लोखंडाशी असलेलं नातं तिथे तुटलं होतं. आता चार्जरच्या पेटीतलं ते चावणं माझ्या तारेवरून नळात येत होतं आणि पुढे जायला जागा नव्हती. जागा होती ती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या बायकांमधून.

तार तोडून टाकावी, तर पेटी पुन्हा चावणार. आणि ती पेटी रोज हाताळणारा माणूस खाटेवरून एक पाय सारवलेल्या ओलसर जमिनीवर टेकून बसणारा. तार ठेवावी, तर नळ. खरं बोलावं, तर पॉइंट बंद करावा लागणार आणि बाबांचा महिना बुडणार. परत खणावं, तर बाबा विचारणार, झालेला खड्डा का उकरतोस. मी या सगळ्याचा विचार केला आणि त्यातल्या त्यात भेकड वाट निवडली. रोज पाणी यायच्या आधी उठून गुपचूप बटण बंद करू लागलो.

मुंग्या थांबल्या. पण बॅटऱ्या जुन्या होत्या. त्यांचे रोजचे दोन तास मी काढून घेत होतो.

"गाडी ओढत नाही गा," बाबा तिसऱ्या दिवशी म्हणाले. "पुलावर श्वास लागते तिले."

"ऊन वाढलं ना, बाबा."

"उन्हानं बॅटरी थकते?"

"थोडी थकते."

त्यांनी मान हलवली. कॉलेजातला मुलगा सांगतो म्हणजे थकत असेल. त्या आठवड्यात त्यांना एकदा उशीर झाला. पुढच्या आठवड्यात पुलाच्या चढणीवर गाडी थांबली, दहा मिनिटं विसावली आणि मग चालली; दुसरा उशीर. आता एकच उरला होता आणि महिना संपायला पाच दिवस. त्यातला शेवटचा दिवस सोमवार, आणि त्याच सोमवारी सकाळी सातला माझा पहिला पेपर.

बाबा जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून पॉइंटकडे पाहत बसत. आई मला म्हणाली, "तुहा अभ्यास कर. गाडीचं ते पाहतीन." मी म्हटलं, हो.

गुरुवारी मी नेहमीप्रमाणे बटण बंद केलं आणि भिंतीला टेकून पुन्हा डोळा लागला. बाबा जागे होते की जागे झाले, मला माहीत नाही. चार्जरचं गुरगुरणं थांबलेलं त्यांना ऐकू आलं. त्यांना वाटलं, लाईट जाऊन आली असेल आणि बटण कुणी विसरलं असेल. त्यांनी खाटेवरून हात लांबवला आणि बटण दाबलं.

बाहेरून गुंड पडल्याचा आवाज आला, आणि मग कुणाचाच आवाज नाही. ते मला जास्त आठवतं. मी धावलो. काकूची सून, सातवा महिना लागलेली, नळापाशी खाली बसली होती, पाठ भिंतीला, दोन्ही हात पोटावर. तोंडाला रंग नव्हता. काकू तिच्यासमोर उकिडवी बसून नुसतं विचारत होती, "हालते का? हालते का वं, सांग ना." मी आत येऊन बटण बंद केलं. परत गेलो तेव्हा सून म्हणत होती, "हालते." मग तीच रडायला लागली. तिला घरात नेलं. दवाखान्यात दाखवून आणलं. काही झालं नव्हतं, पण ते आम्हाला दहा वाजता कळलं. पहाटेपासून दहापर्यंतच्या त्या तासांविषयी मला लिहिता येत नाही.

बाबा त्या दिवशी निघालेच नव्हते. म्हणजे तिसरा उशीर तोच झाला असता. पण गल्लीतल्या कुणाकडून कळल्यावर फिटरकाकांनी फाटकावर सांगितलं की शेजारी दवाखान्याचं काम निघालं, आणि तो दिवस सुट्टीत धरला. हे आम्हाला संध्याकाळी समजलं. सकाळी मात्र बाबा खाटेवर बसून होते आणि आईला सांगत होते, "बटण मी दाबलं. माह्याच हातानं झालं."

ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मी सांगितलं. खड्डा कमरेएवढाही नाही, हे सांगितलं. कापलेला पाइप, नळाला बांधलेली तार, रोज चारला बंद केलेलं बटण, सगळं. उन्हाने बॅटरी थकत नाही, हेही सांगितलं.

बाबांनी हात उचलला नाही. म्हणाले, "तुले विचारलं होतं ना मी. पुरुषभर का, म्हणून."

"हो."

"मग आता मले काहून सांगतं? बाहेर जाऊन सांग. ज्याईच्या नळाले बांधली त्याईले."

मी गेलो. दहा वाजून गेले होते, बायका भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या, सून नुकतीच परतली होती. मी हळू आवाजात सांगितलं, म्हणून एकीने मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मोरी आमच्या नळात काढली तू," काकू म्हणाली.

तिने नळाकडे बोट दाखवलं.

"इतके पुस्तकं वाचून राहिला. एका पुस्तकात नाही लिहिलं, का बाप्पा, लोकं पाणी भरतात तिथं?"

"चूक झाली, काकू."

"चूक वहीत होते. खोडता येते." तिने पदर खोचला आणि आत गेली. आई सगळ्यांच्या मागे उभी होती. तिने एकदाच विचारलं, "मलेबी मुंग्या आल्या होत्या. मी पुसत जाते ना. तुले माहीत होतं?" मी मानेनेच हो म्हटलं. त्याविषयी ती आजपर्यंत बोललेली नाही.

बाबांनी तार माझ्या हातूनच कापवली आणि पक्का खड्डा होईपर्यंत चार्जर लावायचा नाही असं सांगितलं. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी बॅटऱ्यांत उरलेल्या जोरावर गाडी रेटली. साडेपाचलाच निघाले, चढणीआधी विसावा घेतला, दोन्ही दिवस कसेबसे वेळेत पोचले. शनिवारी दुपारी परत येताना ती गल्लीच्या तोंडाशीच बसली. आता तिच्यात काही उरलं नव्हतं.

मी दोन्ही दिवस खणत होतो. खडक तिथेच होता. रविवारी सकाळी काकूचे यजमान परसात आले, खांद्यावर घण आणि हातात छिन्नी. ते कमी बोलतात. मला बाजूला व्हायची खूण केली, खड्ड्यात उतरले, खडकावर हात फिरवून त्याची शीर शोधली आणि तिथे छिन्नी धरली. मी इतके दिवस जिथे सब्बल मारत होतो तिथून ती वीतभर बाजूला होती. दुपारपर्यंत त्यांचा खांदा जमिनीखाली गेला. मी घमेली ओढत होतो. उकरताना माझा कापलेला पाइप निघाला तेव्हा त्यांनी तो विती टाकून मोजला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि कुंपणाच्या भिंतीवर उभा करून ठेवला. दिवसभर तो तिथेच उभा होता.

कोळसा कमी पडला. तो कुणी मागितला नव्हता. दोन-तीन घरांतून टोपल्या आल्या. काकूकडून आली नाही. तिने आपल्या माणसाला पाठवलं होतं, तेवढं तिच्या लेखी पुरे होतं, आणि मला ते पटतं. फिटरकाका नवा पाइप घेऊन आले. संध्याकाळी वायरमन आला. त्याने या वेळी पाइप खाली जाताना उभं राहून पाहिला, नळाभोवती माती उकरून दुसरी तार नाही ना, तेही पाहिलं. बल्ब लावला. पेटला. सही करताना तो मला म्हणाला, "मागची सही मी तुह्या कॉलेजाकडे पाहून केली होती. आता खड्ड्याकडे पाहून करून राहिलो."

चार्जिंग सुरू झालं. काकू दाराशी येऊन उभी राहिली. पुढे झाली, ओला हात नळावर ठेवला आणि तसाच ठेवून थांबली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. "काही नाही," म्हणाली आणि निघून गेली.

पण तीन दिवस उपाशी राहिलेल्या बॅटऱ्या एका रात्रीत भरत नाहीत. सोमवारी सकाळी फिटरकाकांनी मीटर लावून पाहिलं, बाबांना दाखवलं. काकांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. सायकल घेऊन मागे मागे येतो, म्हणाले. बाबा म्हणाले, "ये, पण हात लावू नको. शेवटचा दिवस आहे." गाडीच्या कडेला त्यांच्या कुबड्या बांधलेल्या होत्या.

"मी येतो ना सोबत," मी म्हटलं.

"तुहा भोंगाबी सातलाच आहे," ते म्हणाले. "जाय."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. सातला पेपर हातात पडला. दूरवरचा कुठला तरी भोंगा ऐकू आल्यासारखा वाटला. तो आमच्या मिलचा असणं शक्य नव्हतं, तेवढ्या लांब तो पोचत नाही. मी पहिलं पान लिहिलं ते खोडलं. नंतर लिहीत राहिलो, कारण न लिहिता बसणं जमत नव्हतं. तीन तास डोळ्यांसमोर पुलाची चढण होती, आणि तिच्यावर गाडी कुठे असेल याचा हिशेब चालू होता. दर थोड्या वेळाने मी तिला थोडी मागे ठेवत होतो.

दहाला बाहेर आलो. कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली फिटरकाका सायकलला टेकून उभे होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मी जवळ गेलो. त्यांनी सुराहीवाल्याकडून पाणी घेतलं, निम्मं प्यायले, उरलेलं मला दिलं.

"पूल चढली," ते म्हणाले. "लय रडत रडत, पण चढली. उतारावर मले वाटलं, झालं काम. अन् फाटक समोर दिसून राहिलं, शंभर पावलावर, तिथं बसली."

मी ग्लास धरून उभा.

"मी उतरलो सायकलीवरून. त्यानं हात केला, का तिथंच राहा. कुबड्या सोडल्या न निघाला. अर्ध्यात गेला तं भोंगा सुरू झाला."

"मग?"

"मग काय. फाटकावर सारे उभे. तो पहारेकरी, रोज मस्करी करते ना, तो घड्याळाकडं पाहेनाच. मिनिट सरून गेलं तरी भोंगा वाजून राहिला न तुहा बाप चालून राहिला."

"काका."

त्यांनी माझ्या हातातून ग्लास घेतला, सुराहीवाल्याला परत दिला आणि सायकल स्टँडवरून काढली.

"बाप आत आहे तुहा," ते म्हणाले. "गाडी बाहेर आहे. चाल, ढकलाले."